फुलांकडे बघ : 'द ग्रोव्ह'मधला निवाडा

शेगडीवर किटली ठेवलेली आहे. इंक स्पॉट्स या जुन्या अमेरिकन गायकवृंदाचं संथ गाणं घरात घुमतंय. खिडकीबाहेर हिरवळ आहे आणि एक मुलगी कुणाशी तरी पकडापकडी खेळते आहे. कॅमेरा स्वयंपाकघरातच थांबलेला असतो. किटली शिट्टी घालू लागते आणि मग आपल्या लक्षात येतं, की मुलीच्या मागे अडखळत धावणारी आकृती जिवंत माणसाची नाही. मुलगी मात्र हसते आहे.

'द वॉकिंग डेड' या मालिकेच्या चौथ्या पर्वातला 'द ग्रोव्ह' हा चौदावा भाग असा सुरू होतो. एएमसी वाहिनीवर तो १६ मार्च २०१४ रोजी दाखवला गेला. लेखन स्कॉट एम. गिंपल यांचं, दिग्दर्शन मायकल सॅट्राझेमिस यांचं. मालिका २०१० ते २०२२ अशी बारा वर्षं चालली आणि तिचे १७७ भाग झाले. एवढ्या पसाऱ्यातला एकच भाग काढून त्यावर लिहिण्याचं कारण सांगतो. माझ्या मते हा भाग म्हणजे एक खटला आहे. त्यात आरोपी, साक्षीदार, न्यायाधीश आणि शिक्षा देणारा हात हे सगळे एकाच घरात राहतात, आणि घराबाहेर दाद मागायला जागा उरलेली नाही. हा खटला कसा रचला आहे आणि त्यात प्रेक्षकाकडून कशाला संमती घेतली जाते, हे तपासणं हा या लेखाचा हेतू.

झोंबी आणि झॉम्बी

आधी शब्दाविषयी. मराठी वाचकाला 'झोंबी' म्हटलं की कुस्ती, झटापट आठवते आणि आनंद यादवांचं १९८७ सालचं आत्मकथन आठवतं. या मालिकेतला 'झॉम्बी' वेगळ्या मातीतला आहे. त्याचं मूळ हैतीत. फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांच्या लोकसमजुतीत झॉम्बी म्हणजे मेल्यावरही ज्याला सुटका नाही, ज्याचं शरीर दुसऱ्याच्या हुकमाने राबत राहतं असा माणूस. तिथे भीती झॉम्बी चावेल याची नव्हती. आपण झॉम्बी होऊ, मरणानेही गुलामी संपणार नाही, याची ती भीती होती. १८०४मध्ये हैती स्वतंत्र झाला. विल्यम सीब्रुक यांच्या १९२९च्या प्रवासवर्णनातून ही कल्पना अमेरिकी वाचकांपर्यंत पोचली आणि १९३२मध्ये 'व्हाइट झॉम्बी' हा चित्रपट आला.

आज आपण ओळखतो तो झॉम्बी जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ने घडवला. गंमत अशी, की त्या चित्रपटात झॉम्बी हा शब्द उच्चारला जात नाही. इथे मालक नाहीसा झाला, भूक उरली. गुलामाच्या दुःखाची गोष्ट जमावाच्या भयाची गोष्ट झाली. पण रोमेरोंनी आणखी एक गोष्ट केली, जी आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. चित्रपटाच्या तळघरात एक जखमी लहान मुलगी आहे. ती मरते, उठते आणि स्वतःच्या आईला ठार करते. आई तिला रोखू शकत नाही, कारण तिच्या डोळ्यांना अजून आपली लेकच दिसत असते. या कथाप्रकारातला सर्वांत कठीण प्रश्न तिथेच मांडला गेला : समोरचं माणूस माणूस राहिलं नाही, हे कोणी ठरवायचं आणि कधी?

'द वॉकिंग डेड'मधली माणसंही झॉम्बी म्हणत नाहीत. ती 'वॉकर' म्हणतात, म्हणजे चालणारे. नाव साधं ठेवलं की मारणं सोपं जातं.

राईतलं घर

ग्रोव्ह म्हणजे राई. इथली राई पेकनच्या झाडांची आहे. अक्रोडाच्या जातीचं हे फळ जॉर्जिया राज्यात भरपूर पिकतं. तुरुंगातली वस्ती उद्ध्वस्त झाल्यावर पाच जण रेल्वेच्या रुळांवरून चालत 'टर्मिनस' नावाच्या आश्रयस्थानाकडे निघालेले आहेत : कॅरल, टायरीस, लिझी आणि मीका या दोन अनाथ बहिणी, आणि तान्ही ज्युडिथ. वाटेत हे घर सापडतं. विहीर आहे, शेगडी आहे, फळं आहेत. इथेच राहावं, असा विचार मोठ्यांच्या मनात येतो.

दोघी बहिणी एकमेकींच्या उलट आहेत. धाकटी मीका कुणाला मारू शकत नाही. समोर हरीण आलं तरी तिच्याकडून गोळी सुटत नाही. पण वॉकर काय आहे, हे तिला नेमकं ठाऊक आहे. थोरली लिझी बंदूक चालवू शकते, मात्र वॉकर म्हणजे वेगळ्या रूपातली माणसंच, असं ती मानते. ती रुळांत अडकलेल्या वॉकरला उंदीर भरवते. सुरुवातीचा खिडकीतला प्रसंग पुन्हा येतो, तेव्हा कॅरल धावत जाऊन त्या वॉकरला संपवते आणि लिझी आक्रोश करते, की तू माझ्या मैत्रिणीला मारलंस. मग एक दिवस जळालेल्या वॉकरांचा घोळका राईत शिरतो. लिझीही गोळ्या झाडते. मोठ्यांना वाटतं, पोरीला कळलं. दोघं थोडा वेळ बाहेर जातात. परततात तेव्हा लिझीच्या हातात रक्ताळलेला सुरा असतो, मीका मरून पडलेली असते, आणि लिझी आनंदाने सांगते की काळजी करू नका, ती परत येईल, मेंदूला मी धक्का लावलेला नाही. पुढची पाळी ज्युडिथची होती.

रात्री कॅरल आणि टायरीस टेबलापाशी बसून बोलतात. सकाळी कॅरल लिझीला मीकासाठी फुलं गोळा करायला नेते, फुलांकडे बघ म्हणते आणि मागून गोळी झाडते.

लिझीचं म्हणणं

प्रेक्षक लिझीला चटकन 'वेडी' म्हणून बाजूला ठेवतो. मी हा भाग आधीच्या पर्वांसकट पुन्हा लावून पाहिला, तेव्हा तिचं म्हणणं या मालिकेतच दुसऱ्या एका तोंडून येऊन गेल्याचं दिसलं. दुसऱ्या पर्वातला हर्शेल हा वयस्क शेतकरी आपल्या गोठ्यात वॉकरांना कोंडून ठेवतो, खायला घालतो. हे आजारी लोक आहेत, उद्या औषध सापडेल, असा त्याचा विश्वास. त्याला कुणी गोळी घातली नाही. त्याचा भ्रम तुटला, त्याला वेळ मिळाला आणि पुढे तोच सगळ्या वस्तीचा शहाणा वडीलधारा झाला. तिसऱ्या पर्वातला गव्हर्नर आपल्या मृत मुलीला साखळीने बांधून ठेवतो, तिचे केस विंचरतो. त्याची गणना खलनायकांत होते ती इतर कारणांनी. त्या एका कृतीत तर मालिका त्याच्याकडे करुणेने पाहते.

म्हणजे विश्वास हा गुन्हा नाही. गुन्हा आहे त्या विश्वासापोटी केलेला खून, आणि तो भयंकर आहे यात वाद नाही. तरी लिझीचं तर्कशास्त्र कुठून आलं हे पाहावंच लागतं. या जगात विषाणू सगळ्यांच्याच शरीरात आहे. कुणी चावो न चावो, मेलेला प्रत्येक जण उठतो. मोठ्यांनी हे सत्य मान्य केलं आणि त्यावर एक नियम बसवला : उठलेला तो आपला नव्हे. लिझीने सत्य घेतलं, नियम घेतला नाही. सगळेच उठणार असतील तर उठण्याला इतकं भ्यायचं कशाला, हा तिचा प्रश्न. रिचर्ड मॅथेसन यांच्या १९५४च्या 'आय ॲम लेजंड' या कादंबरीने हाच प्रश्न वेगळ्या प्रकारे विचारला होता. तिथे शेवटी उरलेल्या माणसाला कळतं, की नव्या जमातीच्या नजरेत राक्षस तोच आहे. रोमेरोंनी या कादंबरीपासून प्रेरणा घेतली, पण हा प्रश्न मागे पडला. साठ वर्षांनी तो एका लहान मुलीच्या तोंडून परत आला आणि तेव्हा त्याचं नाव वेड झालं.

कॅरलची शाळा

कॅरलची भूमिका करणाऱ्या मेलिसा मॅकब्राइड यांचा अभिनय या भागाचा कणा आहे. मालिकेच्या सुरुवातीला कॅरल नवऱ्याचा मार खाणारी, दबलेली बाई होती. तिची मुलगी सोफिया दुसऱ्या पर्वात हरवते आणि हर्शेलच्या त्याच गोठ्यातून वॉकर होऊन बाहेर येते. तिला गोळी घालतो तो रिक. आई जमिनीवर कोसळलेली असते. तिथून पुढची कॅरल म्हणजे मऊपणाने मूल गेलं असा निष्कर्ष काढलेली बाई आहे.

चौथ्या पर्वात ती तुरुंगातल्या मुलांचा गोष्टींचा तास घेते. मोठी माणसं निघून गेली की पुस्तक मिटतं आणि सुरे बाहेर येतात. मरणाऱ्या बापाने लिझी आणि मीकाला तिच्या स्वाधीन केलेलं असतं. लिझी तिला एकदा 'मॉम' म्हणते, तर असं म्हणू नकोस, असं कॅरल तिला बजावते. आईपण ती नाकारते, शिक्षिकेचं काम स्वीकारते. अभ्यासक्रमात विषय एकच : मारता आलं पाहिजे. या मोजपट्टीवर लिझी हुशार ठरते आणि मीका कच्ची. म्हणून राईतल्या घरातही कॅरल समजावत राहते ती मीकाला, तुला बदलावं लागेल म्हणून. सगळ्यात सुदृढ मनाची मुलगी तिच्या शाळेत नापास होते.

'फुलांकडे बघ' हे शब्दही मूळचे कॅरलचे नाहीत. बाप गेला तेव्हा लिझीला धाप लागली, त्या वेळी मीकाने तिला कुंपणापलीकडची फुलं दाखवून शांत केलं होतं. बहिणीने बहिणीसाठी शोधलेला तो उपचार होता. त्या दोघींच्या जगात लिझीची काळजी घेणारी एकच संस्था होती आणि ती जेमतेम दहा वर्षांची असावी. लिझीने तिलाच मारलं. उपचाराचे शब्द तेवढे उरले आणि कॅरलने ते शेवटच्या क्षणी वापरले. या वाक्याची क्रूरता आणि माया दोन्ही तिथून येते.

कॉमिक आणि मालिका

मालिका रॉबर्ट कर्कमन यांच्या कॉमिकवर आधारलेली आहे. २००३ ते २०१९ या काळात त्याचे १९३ अंक निघाले. हा प्रसंग त्यातही आहे, पण वेगळ्या पात्रांसह. तिथे बेन आणि बिली हे जुळे भाऊ आहेत. बेन बिलीला मारतो आणि तो उठेल असंच समजावतो. मोठी माणसं जमतात, चर्चा करतात, कुणाचीच हिंमत होत नाही. त्या रात्री रिकचा मुलगा कार्ल गुपचूप जाऊन बेनला गोळी घालतो. मुलाचा न्याय मुलाने केला, कारण मोठ्यांची सभा थकली.

मालिकेने दोन बदल केले. पहिला, सभा काढून टाकली. दुसरा, कृती एका आईच्या हातात दिली. या बदलाला आणखी एक पदर आहे. कॉमिकमध्ये सोफिया जगते आणि कॅरल स्वतःला वॉकरच्या स्वाधीन करून मरते. मालिकेत सोफिया गेली आणि कॅरल राहिली. म्हणजे लिझीपुढे उभी आहे ती एकदा आपल्या मुलीला गोळी लागताना पाहिलेली बाई. कॉमिकमधला प्रश्न 'मुलं किती निर्ढावली?' असा होता. मालिकेतला प्रश्न जड आहे : जिने मूल गमावलं, तिच्यावरच मूल मारायची पाळी यावी, इतकं जग कशाने रिकामं झालं?

स्टाइनबेक आणि रिकामी जागा

जॉन स्टाइनबेक यांच्या १९३७च्या 'ऑफ माइस अँड मेन'ची आठवण येणं अपरिहार्य आहे. तिथे जॉर्ज आपल्या मतिमंद, प्रचंड ताकदीच्या लेनी या मित्राला नदीपलीकडे बघायला सांगतो, त्यांच्या स्वप्नातल्या शेताचं वर्णन करत राहतो आणि मागून गोळी झाडतो. मेलेला उंदीरही त्या कादंबरीत आहे आणि ससेही. गिंपल यांनी हे धागे उघडपणे घेतले आहेत.

साम्य सगळ्यांनाच दिसतं. मला महत्त्वाचा वाटतो तो फरक. लेनीच्या मागे बंदुका घेतलेला जमाव लागलेला आहे. जॉर्जने गोळी घातली नाही तर लेनी त्यांच्या हाती हालहाल होऊन मरेल. म्हणून त्या गोळीला दया म्हणता येतं. लिझीच्या मागे कुणीही नाही. राई शांत आहे. तिला वाचवण्यासाठी तिला मारलेलं नाही. ज्युडिथला वाचवण्यासाठी मारलेलं आहे. याला दयामरण म्हणणं म्हणजे शब्दाची फसवणूक. हा देहदंड आहे, मायेने दिलेला.

'दयामरण' हा शब्द मराठी वाचकाला अरुणा शानबाग यांच्यामुळे परिचित आहे. ७ मार्च २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाबतीतली याचिका फेटाळली आणि निष्क्रिय दयामरणासाठी एक कार्यपद्धती घालून दिली : उच्च न्यायालयाचं किमान दोन न्यायमूर्तींचं पीठ, तीन डॉक्टरांची समिती, नातेवाइकांचं म्हणणं. केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना शेवटपर्यंत सांभाळलं. त्या खटल्याबद्दल मतं काहीही असोत, एका आयुष्याचा निर्णय एका माणसाच्या मनगटावर पडू नये म्हणून किती माणसं, किती कागद, किती वर्षं मधे उभी होती, ते पाहावं. आपण येरवडा, ठाणे ही नावं टोमणा म्हणून वापरतो. पण त्या टोमण्यातही एक गृहीत असतं, की अशा माणसाला ठेवायला एक जागा आहे. राईतल्या घरात ती जागा नाही. जगबुडीच्या कथांत अन्नाच्या, पेट्रोलच्या टंचाईवर पानंच्या पानं खर्च होतात. 'द ग्रोव्ह' दाखवतो ती टंचाई वेगळी आहे. वेडाचा डॉक्टर नाही, बालगृह नाही, अपील नाही, आणि उद्यापर्यंत थांबू, असं म्हणण्याची सोयही नाही.

एक आक्षेप

या भागाची एवढी स्तुती केल्यावर त्याची लबाडीही सांगायला हवी. लेखकाने फासे आधीच भारून ठेवले आहेत. पहारा देत राहायचा, मुलीला बांधून ठेवायचं, टर्मिनसला पोचेपर्यंत दिवस ढकलायचे, यातल्या कशाचाच नीट विचार होत नाही. वेगळं होण्याचा पर्याय बोलण्यात येतो आणि लगेच मोडीत निघतो. एका रात्रीत निकाल लागतो, कारण भागाची वेळ संपत आलेली असते. आधीच्या एका भागात लिझी ज्युडिथचं तोंड दाबून ठेवते, तो प्रसंग दाखवून मालिकेने प्रेक्षकाच्या हाती पुरावा आधीच ठेवलेला आहे. आपण निकालाला येतो तेव्हा मत बनवूनच आलेले असतो.

याहून गंभीर गोष्ट अशी, की मनोरुग्ण म्हणजे धोका, हे समीकरण इथे तपासलं जात नाही. प्रत्यक्षात मनाचा आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणाला इजा करत नाहीत. त्यांनाच इजा होण्याची शक्यता अधिक असते. करमणुकीच्या पडद्यावर मात्र असा रुग्ण बहुधा सुरा घेऊन येतो. 'द ग्रोव्ह' या सवयीपलीकडे गेलेला नाही. लिझीचं दुःख, बाप मेल्यावरची तिची धाप, कॅरलने नाकारलेलं आईपण, हे सगळं तो दाखवतो. पण कारण आणि परिणाम जोडण्याची जबाबदारी प्रेक्षकावर टाकून मोकळा होतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिक आहे. कवट्या फुटताना जवळून दाखवणाऱ्या या मालिकेने मीकाचा खून पडद्याबाहेर ठेवला आहे आणि लिझीचा मृत्यूही आपल्यासमोर दिसू दिलेला नाही. आपल्याला दिसतो तो कॅरलचा चेहरा, आणि घरात खिडकीशी उभा टायरीस. भागाच्या सुरुवातीला त्याच घरातून, काचेआडून आपण बघत होतो. आता आपल्या जागी तो उभा आहे. त्याने काही केलं नाही, पण त्याला माहीत होतं. प्रेक्षक म्हणून आपलं स्थान नेमकं हेच आहे.

टेबलावरचं पिस्तूल

माझ्या मते या भागाचा खरा शेवट गोळीत नाही, त्यानंतरच्या रात्रीत आहे. तुरुंगात साथ पसरली तेव्हा कॅरन आणि डेव्हिड या दोन आजाऱ्यांना कुणीतरी मारून जाळलं होतं. कॅरन ही टायरीसची प्रेयसी. ते कॅरलने केलं होतं, एकटीने, गुपचूप, बाकीच्यांच्या भल्यासाठी. साथ थांबली नाहीच. टायरीसला हे ठाऊक नाही. हे काम लिझीचं असेल का, असं तो विचारतो. कॅरलला गप्प राहणं सोपं होतं. मेलेल्या मुलीवर आणखी एक आळ गेला असता, एवढंच. ती नाही म्हणते. मग रात्री टेबलाशी बसून स्वतः कबुली देते आणि पिस्तूल त्याच्याकडे सरकवते. जे करायचं ते कर.

टायरीस बराच वेळ बसून राहतो. मग तो क्षमा करतो, विसरणार नाही हेही सांगतो. चॅड कोलमन यांनी हा प्रसंग जवळजवळ हातांनीच केला आहे.

दोन निवाडे एकाच घरात, एका दिवसाच्या अंतराने होतात. पहिल्यात आरोपीला आपल्यावर खटला चालला आहे हेच कळत नाही. तिला वाटतं, आपण पिस्तूल रोखलं म्हणून कॅरल रागावली आहे, आणि ती रडत माफी मागते. दुसऱ्यात आरोपी स्वतः उभी राहते, हत्यार फिर्यादीच्या हाती देते आणि जिवंत सुटते. कॅरन आणि डेव्हिडला मारणारीला क्षमा मिळते, मीकाला मारणारीला मिळत नाही. फरक एवढाच, की कॅरलला आपण काय केलं ते कळतं आणि लिझीला कळत नाही. ज्याला कळत नाही त्याची शिक्षा सौम्य असावी, असं आपला कायदा आणि आपली साधी माणुसकी दोन्ही सांगतात. राईत ते नेमकं उलटं झालं. माणूस राहण्याची अट 'कळणं' ही ठरली, आणि वॉकरांना मारण्यामागेही हीच अट आहे. लिझीला गोळी घातली गेली त्या क्षणी ती अट जिवंत माणसालाही लागू झाली. सकाळी ती दोघं ज्युडिथला घेऊन राई सोडून निघतात.

वेताळही प्रेतात राहतो, पण आपला वेताळ बोलतो. गोष्ट सांगतो आणि शेवटी निवाडा मागतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, ही त्याची अट. 'द वॉकिंग डेड'मधली प्रेतं मुकी आहेत, म्हणून प्रश्न विचारायचं काम प्रेक्षकाला स्वतःच करावं लागतं. माझं उत्तर असं : ज्युडिथचा जीव वाचवणं भाग होतं. लिझीला मारणं त्यासाठी भाग होतं, हे या भागाने सिद्ध केलेलं नाही. ते सिद्ध झालं असं पन्नासेक मिनिटं आपल्याला वाटत राहतं, हे त्याचं कसब आहे, आणि तेवढ्या वेळात आपण एका आजारी मुलीच्या मृत्यूला मान डोलावलेली असते. त्या मान डोलावण्याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या टेबलाशी बसून द्यायचा आहे.